दुबळ्या ठिपक्याची तीट

पोर एकदाची झोपली, की रत्नमाला पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि खाटेखालून कागदाची गुंडाळी ओढायची. अणदूरला माहेरी बाळंतपणाला येताना तिनं साड्यांच्या घड्यांत दोनच गोष्टी जिवापाड जपून आणल्या होत्या. हा फोटोचा कागद आणि एक भिंग.

कागदावर आभाळ होतं, पण उलटं. पांढऱ्यावर काळे ठिपके, खसखस सांडावी तसे. शिवाय एकेक तारा दोनदा उमटलेला. दुर्बिणीवर आधी जांभळ्याच्या पलीकडच्या प्रकाशात फोटो घेतला होता, मग दुर्बीण केसभर सरकवून फोटोच्या त्याच काचेवर निळ्या प्रकाशात. त्या काचेची छाप म्हणजे हा कागद. डावा ठिपका जांभळ्यापलीकडचा, उजवा निळा. साध्या ताऱ्याचा डावा ठिपका फिका असतो. एखाद्या जोडीत डावाच ठळक निघाला, की तिथं थांबायचं. तो क्वासार असू शकतो. दिसायला तारा, पण तारा नव्हेच; इतका लांबचा, की त्याचा उजेड निघाला तेव्हा ही धरणीसुद्धा नव्हती. नाहीतर मग असतो जवळचाच, विझत आलेला एखादा पांढरा तारा. रंगावरून दोघं सारखेच. खरं काय ते मोठ्या दुर्बिणीवर त्याचा उजेड रंगारंगांत फोडून बघितला तरच कळतं.

तिच्या संशोधनाचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "चांगला उमेदवार सापडला तर हिवाळ्यात दुर्बिणीवर तुम्हीच या."

त्या एका वाक्यावर ती दिवस काढत होती. डोंगरावरचा दुर्बिणीचा तो घुमट, उघडताना होणारी लोखंडाची घरघर, आत शिरणारी गार हवा. पोरीला पाजताना डोळे मिटले, की ती घरघर ऐकू यायची. मग छातीशी बिलगलेल्या जिवाकडं बघून तिला अपराधी वाटायचं.

"उमेदवार?" तिचा थोरला भाऊ रामकिसनदादा हसायचा. तो गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. "सोसायटीच्या निवडणुकीला उभा करतीस का काय त्याला? कर बाई, आमच्या पॅनलला माणूस कमीच हाय."

आई, गिरिजाबाई, टोमणा मारायची, "समदं गाव ढगासाठी वर बघतंय, आन आमची लेक म्हणती, आभाळ कसं निर्मळ हाय!"

खरंच होतं ते. दुसरं वर्ष कोरडं चाललेलं. विहिरीत टँकर रिकामा व्हायचा, जनावरं छावणीत. गावाच्या जिवावर उठलेलं ते स्वच्छ आभाळ रत्नमालाला मात्र हवं होतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आज दुपारी दादा दूध संघाच्या गाडीतून सोलापूरला जाणार होता. त्याच्याबरोबर कागद सरांकडं जायला टपालात टाकायचा. आतापर्यंत तिच्या हाती एकच जोडी लागली होती, तीही शंकेची. दोन्ही ठिपके जवळपास सारखे. शेवटचा हात म्हणून तिनं भिंग फिरवलं आणि खालच्या कोपऱ्यात ते थबकलं.

डावा ठिपका काळाभोर. उजव्याच्या दुप्पट.

वर पातळ कागद पसरून तिनं त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला. हा नुसता उमेदवार नव्हता, हे डोंगरावरचं बोलावणंच होतं. पण हा कोपरा काल बघितला होता ना? तेव्हा हा कसा सुटला? तिनं पातळ कागद बाजूला करून फोटो उजेडाकडं तिरका धरला. ठिपका तेलकट चमकला. तिनं नाक जवळ नेलं. तूप आणि कापूर. घरच्या काजळाचा वास.

क्षणभर वाटलं, वास आलाच नाही असं समजावं.

"आई, ह्या कागदाला हात लावलास?"

"हात न्हाय बाई, काडी लावली. नखाएवढंसुद्धा काजळ न्हाय." आई चुलीपाशीच होती. "सकाळी शेजारची कडूबाई येऊन टक लावून बघत बसली. 'लई शिकली गं तुझी लेक,' म्हणली. तिची नजर वंगाळ. तू न्हाणीत हुतीस. पोरीला तीट लावली, तशी तुझ्या कामालाबी लावली."

"पण ह्याच ठिपक्याला का?"

"जुळी दिसली गं ती. एक जरा दुबळं वाटलं. म्हटलं, दुबळ्यालाच आधी लावावं."

रत्नमालाला हसू आलं. तिनं कापूस कोरडाच अलगद फिरवला. काजळाखालून फिका, साधा ठिपका निघाला. चारचौघांसारखा तारा. तिनं वरच्या पातळ कागदावरची त्याच्याभोवतीची पेन्सिल खोडली. उरली ती शंकेची जोडी. तिच्याजवळ तिनं प्रश्नचिन्ह काढलं.

आई मागं येऊन उभी राहिली होती. "माझ्यामुळं बिघडलं का गं? आता बोलावत्याल का न्हाय तुला?"

"काय सांगावं."

"बोलावलं तर जा. पोरीला म्या बघते." आईनं काजळाची डबी पुढं केली. "आन दुबळ्याला नगं तर नगं, पर कागद तीटेबिगर मोकळा धाडू नगंस."

रत्नमालानं कागद पुढं धरला. आभाळाची चौकट संपते तिथं, बाहेरच्या कोऱ्या पट्टीवर, जिथं एकही तारा नव्हता, तिथं आईच्या हातानंच तीट लावून घेतली.

गाडी आली. तिनं गुंडाळी दादाच्या हाती दिली. "दादा, दुधाच्या क्यानला टेकवू नकोस."

"का? दुधानं तारे नासत्याल?"

धुरळा उडवत गाडी हमरस्त्याला लागली. पोर जागी होऊन रडू लागली. रत्नमालानं तिला उचललं, दारात आली. वर डोळे दिपवणारं निळं, ओकंबोकं आभाळ. त्यात तिची ती एक शंका कुठल्या बाजूला असेल, याचा अंदाज घेत ती पोरीला पाजायला बसली.