कानबाईपुढचं पिल

पानावरची भोकं एका तिरप्या ओळीत होती आणि सगळी सारखी होती: पेनच्या टोपणाएवढी, गोल, स्वच्छ कडांची. किड्याचं तोंड इतकं काटेकोर नसतं. तो कडेने कुरतडतो, मध्येच सोडतो, भलतीकडेच पुन्हा लागतो. शिवाय केळीचं पान अजून सुरळीसारखं गुंडाळलेलं असताना आरपार एकदाच टोचलं, की उलगडल्यावर अशी ओळ दिसते, हे मंजुळाबाईला माहीत होतं. आषाढात, ती कामाला जायची त्या संस्थेच्या मेघा मॅडमनी कुंपणातल्या केळींच्या सुरळ्या टोचल्या, तेव्हा नमुन्यांची डबी तिनेच धरली होती.

आणि आता ते पान तिच्या जेठांच्या, थोरल्या दिरांच्या, ओसरीत, श्रावणात बसवलेल्या कानबाईच्या चौरंगाशेजारी, पंख्याच्या वाऱ्यावर हलत होतं. त्याचं पिल, म्हणजे कंदाला फुटलेलं कोवळं खोड, घमेल्यात मुळासकट उभं होतं.

"काय देखी राहिनी वं इतलं?" प्रमिलाबाईने, तिच्या जेठाणीने, विचारलं.

"पान."

"किडानी खादं. मी तुन्हा जेठले म्हनं, दुसरं आना. पन बागमा एक खोड धड नही. सडकं खोड देवीपुढे कसं उभं करू? मांगला दारे हाई घमेलं व्हतं, तेच लई उनू."

म्हणजे प्रमिलाबाईला काही माहीत नव्हतं. मंजुळाबाईने कानबाईला हळदकुंकू वाहिलं. हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत.

चोपड्याकडच्या त्यांच्या गावात, तापीच्या बाजूला, जळगावच्या एका संस्थेने जमीन भाड्याने घेऊन, कुंपण घालून केळी लावल्या होत्या. मातीत एक बुरशी असते. ती किड्यांवर वाढते आणि आपल्या रसाने त्यांचं कवच विरघळवते. तिचा तेवढाच एक जनुक काढून केळीत घातला होता. आता तो रस केळ स्वतःच करायची. खोडकिड्याची अळी खोड पोखरायला लागली, की आतच मरायची. पहिल्या दिवशी कामावरच्या बायांनी विचारलं होतं, "मंग आपलं काय?" मेघा मॅडम म्हणाल्या होत्या, "आपल्याला कवच नसतं, मावशी." मंजुळाबाईने घरी जाऊन आपली नखं निरखून पाहिली होती.

घड पिकायच्या आत उतरवून खड्ड्यात पुरायचे, हा संस्थेचा नियम होता. भरलेले, सुरेख घड. त्यांच्यावर माती लोटताना बायांचे हात अडखळायचे. पारावर उखर्डू नाना, तिचे जेठ, मोठ्याने विचारायचे, "चांगलं शे तं पुरतस कसाले? इख शे ते." त्यावर संस्थेचा रखवालदार नथ्थू म्हणायचा, "वाईट शे तं कुंपन कसाले?" अर्धं गाव एकाचं ऐकायचं, अर्धं दुसऱ्याचं.

सुरळ्या टोचल्यानंतर थोड्याच दिवसांत मंजुळाबाईला कुंपणातल्या कोपऱ्यातल्या केळीपाशी एक खड्डा दिसला; तिथलं पिल गेलं होतं. साळिंदराने कंद उकरला असता तर माती चहूकडे उडाली असती. इथे कुदळीची सरळ कड होती. तिने आजूबाजूला पाहिलं, पायाने माती लोटली आणि वर वाळकी पानं पसरली. विचारपूस झाली असती तर पहिलं नाव गावाचं निघालं असतं, आणि गावातलं पहिलं नाव तिचं.

तेव्हापासून तिला कुणाचाच भरवसा वाटेना. कापसाचं बी असतं तर पाखरावर ढकलता आलं असतं. या केळीला रुजणारं बी नसतं. ती वाऱ्याने उडत नाही, कुणाच्या पोटातून जात नाही. ती जिथे जाते तिथे माणसाच्या हातानेच जाते. नथ्थू रोज दुपारी अर्धा कप चहा पुढे करायचा. तिने तो घेणं बंद केलं. त्याने एकदा विचारलं, "साखर कमी पडनी का, वहिनी?" मेघा मॅडमच्या पिशवीकडेही ती वाकून पाहायची. मॅडम दर मंगळवारी यायच्या. "मावशी, सगळं ठीक?"

"ठीक शे."

एका मंगळवारी तिने विचारलं होतं, "हाई बाहेर गयं तं काय व्हई?" मॅडमनी हातमोजा काढला, घडी केला. मग म्हणाल्या, "अजून माहीत नाही. तेच तर शोधतोय. कळेपर्यंत ते आतच राहायला हवं."

इतकं शिकून माहीत नाही? मंजुळाबाईला तेव्हा वाटलं, ही काहीतरी लपवते. पण ते वाक्य तिच्या मनातून गेलं नाही. बाकी सगळ्यांना माहीत होतं. जेठांना ते विष आहे हे माहीत होतं, नथ्थूला ते सोनं आहे हे माहीत होतं. माहीत नाही असं म्हणणाऱ्या मॅडम एकट्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, विसर्जनाआधी, रोटांची, कानबाईच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांची, पंगत बसली. भिकनला, मंजुळाबाईच्या नवऱ्याला, सुरतेच्या गिरणीतून रजा मिळाली नव्हती. त्याचं पान तसंच रिकामं मांडलं होतं. नानांचा शिरपूरचा जावई जितेंद्र पाटावर बसायला गेला, तसं प्रमिलाबाईने त्याला थांबवलं.

"जवाईबापू, तुम्ही दुसरी पंगतले. रोट भाऊबंदनंच ऱ्हास. ते बाहेर जात नही."

"म्हन्जे मी बाहेरना," जितेंद्र हसत म्हणाला. "पोर दिधी, पन रोट नही."

"रोट नही तं नही," नाना म्हणाले. "तुले पुढला साल केळनं पिल देसू. असं खोड तू देखेल नही. एकना दहा व्हतीन, बठ्ठा नातेवाईकेसले एक एक देसू."

"कोनता वाण शे, नाना?"

"तू खावानं काम कर. वाण इचारू नको."

मंजुळाबाईच्या हातातला रोट तसाच राहिला.

पंगत उठली. बाहेर डफ वाजू लागला. बायांनी कानबाई उचलली. नाना वाकले आणि घमेलं उचलून मागच्या दाराकडे निघाले. मंजुळाबाई आडवी आली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती जेठांशी थेट बोलली नव्हती. पदर कपाळापर्यंत, नजर खाली, आणि जे सांगायचं ते जेठाणीकरवी.

"अक्का, त्यांले म्हना, घमेलं खाले ठेवा."

"तिले म्हन," नाना बायकोला म्हणाले, "नदीवर जावानं पाह्य."

"त्यांले म्हना, हाई कुंपनमातलं शे."

प्रमिलाबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

"कोन म्हनस? इचार तिले."

"पान म्हनस. ती भोकं किडानी नही, मॅडमनी पाडेल शेत."

नानांनी पहिल्यांदाच पानाकडे नीट पाहिलं. घमेलं त्यांच्या हातात जड झालं असावं. त्यांनी ते मांडीवर टेकवलं. आवाज मात्र खाली आला नाही.

"तिले म्हन, मन्ही बठ्ठी बाग सडी गयी. अळी खोडमा, आनि मी पारवर बोंबलत बसू? वाईट ऱ्हातं तं कुंपन घालतं का? कचरानी राखन कोन करस?"

"आनि इतला दिन इख इख करतस ते?" प्रमिलाबाई म्हणाली.

"तू गप. तिले इचार, भिकन सुरतले गया, मांगे घर कोन देखं? तिन्हा पोराले दवाखानामा कोन लई गयं? आते ती माले चोर म्हनस का?"

यातलं काहीच खोटं नव्हतं. बाहेरून कुणीतरी हाक मारली: चला वं, ऊन चढी राहिनं.

"अक्का, त्यांले म्हना..."

"मी काय पोस्टमन शे का?" प्रमिलाबाई म्हणाली. "बोला ना तोंडवर." आणि ती दोघांच्या मधून बाजूला झाली.

ओसरीत आता मध्ये कुणीच नव्हतं. मंजुळाबाईने पदर सारखा केला, मान वर केली आणि घमेल्याच्या दुसऱ्या कडेला हात घातला.

"नाना, उद्या मंगळवार शे. हाई पिल मी मॅडमकडे लई जास. ते कोठे सापडं ते सांगसू, आनि तो खड्डा मी बुजेल व्हता, ते बी सांगसू."