उजव्या कानाचा अल्बम

रविवारी दुपारी चार वाजता दंतवैद्याच्या दवाखान्यात जाणारी माणसं दातांसाठी जात नाहीत. निदान आम्ही चौघं तरी नाही. बाहेरच्या खोलीत एकमेकींना जोडलेल्या चार खुर्च्या आहेत, समोर माशांची टाकी, तिच्यावर हिरड्यांच्या आजाराचं मोठं चित्र, आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर. आठवडाभर ज्या फळीवर रुग्णांची कार्डं असतात तिथे रविवारी ‘अर्धा पूल’ या बँडचे आठ अल्बम उभे राहतात.

‘अर्धा पूल’वाल्यांनी बावीस वर्षांत आठ अल्बम काढले आणि मग भांडून चार दिशांना गेले. आम्ही मात्र भांडतच एकत्र राहिलो.

सगळ्यात चांगले चार अल्बम कुठले याबद्दल आमच्यात वाद नाही. वाद खालच्या चारांचा. म्हणून वर्षातून एकदा वकिली असते. चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येकाच्या वाट्याला एक अल्बम येतो, आणि तो आवडो न आवडो, त्याची बाजू मांडायची. मग मत. ज्याच्या विरोधात जास्त मतं पडतील त्या अल्बमला वर्षभराची रजा. त्याचं तोंड भिंतीकडे, आणि वर्षभर कुणी वाजवायचा नाही. गेली सहा वर्षं रजेवर एकच होता: ‘बर्फाचं दुकान’. मी सभेत आले ती त्यानंतर, म्हणून तो मी कधी ऐकलाच नव्हता.

यंदा चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा मी नव्हते. ढब्बी झाल्यापासून आठ महिने मी तिकडे फिरकलेच नव्हते. डॉक्टरांचा निरोप आला, “चिटणीस, तुझ्या नावाने बर्फाचं दुकान निघालंय. रजेवरचा अल्बम तयारीसाठी ऐकायला मुभा आहे. तीन आठवडे आहेत. तयारीनिशी आलीस तर खुर्ची तुझी. नाहीतर औषधवाल्याला देतो, तो दोन वर्षं वाट बघतोय.”

मी सभेचं इतिवृत्त लिहिते म्हणून चिटणीस. आता हे वाचायला हास्यास्पद वाटेल, पण त्या निरोपानंतर मला घाम फुटला. आठ महिन्यांत माझ्याशी जो कोणी बोलला होता तो ढब्बीचं वजन, ढब्बीचे दात आणि ढब्बीची शी याबद्दल बोलला होता. एका खुर्चीवर मी अजून चिटणीस होते. ती गेली की मी नुसती ढब्बीची आई.

तयारी केली ती दुपारी, ढब्बीच्या झोपेत. ती माझ्या डाव्या खांद्यावरच झोपते. खाली ठेवलं की दोन मिनिटांत डोळे टक्क उघडे. म्हणून डावा कान तिच्या श्वासाला आणि उजव्या कानात इअरफोन. दोन्ही कानांत घालायची माझी छाती नव्हती. श्वास जरा लांबला की मी गाणं थांबवायची, मोजायची, मग पुढे. अशा हप्त्या-हप्त्यांनी तीन आठवड्यांत मी तो अल्बम एकवीस वेळा ऐकला, आणि तो मला चक्क आवडला. इतक्या हळुवार अल्बमला ही माणसं सहा वर्षं भिंतीकडे तोंड करून का उभी करतात, तेच कळेना.

वकिलीच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “ठेवून जा गं तिला. मी तीन वाढवलेत.”

“त्यातलाच एक माझ्याकडे आहे ना आई, म्हणून तर काळजी.”

त्या हसल्या. नवराही हसला, पण जरा उशिरा. तरी मी ढब्बीला घेऊनच निघाले. आजवर ती कुणाकडे चाळीस मिनिटांवर राहिली नव्हती, आणि ती चाळीस मिनिटं मी न्हाणीघरात नळ बंद ठेवून, कान देऊन काढली होती.

दवाखान्यात पाऊल टाकल्याटाकल्या मी आधी टाकीची वायर पाहिली, मग टेबलाचे कोपरे, मग फरशीवर पडलेली एक स्टेपलरची पिन. ती उचलून खिशात टाकली.

“आल्या, तपासनीस आल्या,” भूगोलबाई म्हणाल्या. त्या शाळेत भूगोल शिकवतात आणि गाण्यांनाही चढ-उतार, खिंडी आणि पठारं असतात असं मानतात. “आणि ही कोण बाई? नुसते गाल आहेत की मागे मूल पण आहे?”

“ढब्बी,” मी म्हटलं.

“नाव कुणी ठेवलं?”

“तिनेच. म्हणजे तिच्याकडे बघून ठेवलं सगळ्यांनी.”

ड्रायव्हरकाका तीस वर्षं बस चालवून गेल्या वर्षी घरी बसले आहेत. त्यांनी ढब्बीला नमस्कार केला, तिने त्यांच्याकडे एखाद्या साहेबासारखं पाहिलं. औषधवाला स्टुलावर बसला होता. त्याचं औषधांचं दुकान खालीच आहे. वकिली ऐकायची त्याला परवानगी होती, बोलायची नव्हती. माझ्या खुर्चीकडे तो अधूनमधून पाही, पण सभ्यपणे, बसमध्ये पुढच्या थांब्यावर उतरणाऱ्याकडे पाहावं तसं.

ढब्बी पेंगुळली होती. मी तिला गाडीत, म्हणजे तिच्या ढकलगाडीत, टाकीपाशी ठेवलं आणि काय आश्चर्य, मासे बघत ती झोपली. हा शुभशकुन समजून मी बसले.

भूगोलबाईंनी तिसऱ्या अल्बमची वकिली केली, ड्रायव्हरकाकांनी सातव्याची. (“पहिली बाजू तिसऱ्या गिअरमध्ये अडकलीय, मान्य. पण घाट आला की बघा.”) डॉक्टरांना दुसरा आला होता, ‘विजेची तार’. ते वीस मिनिटं बोलले. दिवसभर समोरच्याच्या तोंडात हात घालून बोलायची सवय असल्याने, समोरचाही काही बोलू शकतो हे त्यांच्या लक्षात येत नाही.

मग माझी पाळी. मी वही उघडली.

“बर्फाचं दुकान हा अर्ध्या पुलाचा सगळ्यात शांत अल्बम आहे,” मी सुरुवात केली.

कुणीतरी खाकरलं.

“चौथ्या गाण्यात तर ड्रम अजिबात नाही. नुसती गिटार, आणि बेस वाजवणारीचा आवाज. ती जवळजवळ कुजबुजते. मध्येच खुर्ची करकरते, ती त्यांनी मुद्दाम ठेवली असावी. आणि मुख्य गायक या अल्बमभर गप्प आहे, हा त्याचा मोठेपणा—”

“थांब,” डॉक्टर म्हणाले. “चौथ्या गाण्यात ड्रम नाही?”

“नाही.”

“चिटणीस, त्या गाण्यात ड्रमशिवाय दुसरं काही नाही. मी त्याला दाढ उपटणं म्हणतो. आणि गायक गप्प? तो पहिल्या सेकंदापासून बोंबलतोय.”

मी भूगोलबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर माशांकडे वळवली. ड्रायव्हरकाका म्हणाले, “पोरी, झोप होत नसेल गं तुझी. चालतं.”

त्या ‘चालतं’नेच माझा जीव गेला. डॉक्टर म्हणाले, “ऐकलास का खरंच? नसशील ऐकला तर तसं सांग. मूल लहान आहे, आम्ही समजू शकतो.”

“एकवीस वेळा ऐकलाय.”

“मग लावू या,” ते म्हणाले आणि फळीवरचा अल्बम भिंतीकडून सुलटा केला.

चौथं गाणं सुरू झालं. पहिल्या ठोक्यालाच हिरड्यांचं चित्र थरथरलं. ड्रम होता. ड्रमच होता. गायक बोंबलत होता, डॉक्टर म्हणाले होते अगदी तसा. मी ऐकलेलं गाणं त्यात कुठेच नव्हतं. झोप न झालेली माणसं नसलेलं बघतात असं मी वाचलं होतं; नसलेलं एकवीस वेळा ऐकतातही की काय? आणि असं डोकं घेऊन मी मूल सांभाळतेय? औषधवाला खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत होता. भला माणूस, पण खुर्ची मिळाल्यात जमा होती.

ढब्बी जागी झाली आणि तिने ड्रमच्या वरचा सूर लावला.

मी तिला उचललं, डाव्या खांद्यावर टाकलं आणि सवयीने फेऱ्या घालायला लागले. खुर्च्यांपासून दारापर्यंत, दारापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत. ती माझ्या डाव्या कानात जीव खाऊन रडत होती. उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरला माझा खांदा घासला, आणि त्या क्षणी मला ते ऐकू आलं. गिटार. बेसवाली. तिची कुजबुज.

मी थांबले. एक पाऊल मागे गेले, ड्रम आला. पुढे आले, गेला.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “त्या पलीकडच्या स्पीकरची वायर काढा.”

“का?”

“काढा म्हणते ना.”

डॉक्टरांना असं कुणी सांगत नसावं. त्यांनी वायर काढली. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की ढब्बीसुद्धा रडायचं विसरली. ड्रम नाहीसा झाला. गायक, त्याचा एक दूरचा प्रतिध्वनी सोडला तर, नाहीसा झाला. उरली एक गिटार आणि हळू आवाजात काहीतरी उत्तर देणारी बाई. मग खुर्ची करकरली.

“ही कोण?” भूगोलबाईंनी विचारलं.

“हीच ती. मी एकाच कानाने ऐकत होते,” मी म्हटलं. “दुसरा कान ढब्बीकडे असतो. बँडवाल्यांनी ड्रम आणि गायक सगळा डावीकडे टाकलाय, बाकीचे उजवीकडे. मी तीन आठवडे अर्धाच अल्बम ऐकलाय. मला माहीतच नव्हतं.”

गाणं संपलं. डॉक्टरांनी पुन्हा लावलं. मग त्यांनी उजवी वायर काढून डावी जोडली. आता गायक एकटा होता. तो एक ओळ बोंबले आणि थांबे, पुन्हा बोंबले, पुन्हा थांबे.

“हा प्रश्न विचारतोय,” डॉक्टर म्हणाले.

“आणि उत्तर यायच्या आत ड्रम घालतोय,” भूगोलबाई म्हणाल्या. “आमच्या घरी असाच एक आहे.”

ड्रायव्हरकाका घसा साफ करून म्हणाले, “मला एक सांगायचंय. रागवू नका.”

“बोला.”

“बसचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असतं. तीस वर्षं. माझा डावा कान कामातून गेलेला आहे, त्या बाजूच्या स्पीकरचं फारसं पोचतच नाही.” ते ढब्बीकडे बघत राहिले. “मला हा अल्बम पहिल्यापासून बरा वाटतो. तुम्ही सगळे इतके शिव्या घालता, म्हटलं आपलीच समज कमी.”

“सहा वर्षं तुम्ही याच्या विरोधात मत दिलंत, काका,” मी म्हटलं.

“बहुमताबरोबर गेलो.”

यावर जो गोंधळ झाला तो मला पूर्ण लिहिता आला नाही, कारण हातात ढब्बी होती. भूगोलबाईंचं म्हणणं, दोन अर्धे चांगले असले म्हणजे पूर्ण चांगला होत नाही. तसं असतं तर सगळी लग्नं टिकली असती. डॉक्टर म्हणाले, मांडणी वाईट, पण माल वाईट नाही, आणि आपण सहा वर्षं मांडणीला बडवत होतो. औषधवाल्याने हात वर केला. त्याला बोलायची परवानगी नाही हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. तो म्हणाला, “एक कान बोटाने बंद करून दोन्ही स्पीकरच्या मध्ये बसलं तर?”

मग चार मोठी माणसं कानात बोटं घालून माशांसमोर बसली. एकदा डाव्या, एकदा उजव्या. ढब्बी त्यांच्याकडे पाहून मोठ्याने हसली. ती इतकं हसते हे मला माहीत नव्हतं.

मतं घेतली. तीन मतं ‘विजेच्या तारे’च्या विरोधात. डॉक्टर म्हणाले, “वकिलाने अशिलाविरुद्ध मत देऊ नये, म्हणून मी तटस्थ.” आणि स्वतःच उठून त्यांनी आपल्या अशिलाचं तोंड भिंतीकडे केलं.

“खुर्ची तुझी,” ते मला म्हणाले. “पुढच्या रविवारपासून नेहमीसारखं. चार वाजता.”

इथे मी हो म्हणायला हवं होतं. पण मघाचं रडणं अजून कानात होतं.

“चार जमणार नाही,” मी म्हटलं. “चारला ही झोपते. आज आले कारण आज यावंच लागत होतं. दर वेळी तिची झोप मोडून नाही येणार. खुर्ची यांना द्या.”

औषधवाला स्टुलावरून अर्धा उठला आणि पुन्हा बसला. चौदा वर्षं वेळ चारचीच होती. पहिल्या इतिवृत्तातच ती लिहिली आहे, तीही लाल शाईने.

“जागी कधी असते?” डॉक्टरांनी विचारलं.

“सकाळी. दहा ते साडेबारा.”

“दहाला मी मोकळाच असतो,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “मी आता सगळ्याच वेळी मोकळा असतो.”

“अकरा करा,” भूगोलबाई म्हणाल्या. “रविवारी दहाला मी माणसात नसते.”

डॉक्टरांनी टाकीकडे पाहिलं, मग औषधवाल्याकडे. “तुझं दुकान अकराला?”

“रविवारी उघडतच नाही. पण मी...”

“स्टूल तुझंच. आठही अल्बम आता अर्धे-अर्धे करून पुन्हा ऐकावे लागणार. म्हणजे सोळा बैठका. कान जास्त लागतील.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “लिहून घे.”

मी वही शोधली. एका हाताने ढब्बी, एका हाताने वही, पेन खाली. ड्रायव्हरकाकांनी पेन उचलून दिलं आणि दोन्ही हात पुढे केले. मी त्यांचे हात पाहिले: स्वच्छ, नखं कापलेली, बोटात अंगठी नाही. तीस वर्षांत एकही अपघात नाही हे मला माहीत होतं. सन्मानपत्र त्यांनी तीनदा दाखवलं होतं.

“मान सांभाळा,” मी म्हटलं.

“पोरी, ती बसते आता. मान तिची तीच सांभाळते.”

ते खरं होतं. मी ढब्बीला दिलं आणि लिहायला बसले, जराशी तिरकी, ती दिसत राहील अशी. आधी उपस्थिती लिहिली. मग मतं. मग कोण कुठल्या कानाने काय म्हणालं ते सविस्तर. एरवी मी अर्ध्या पानात उरकते. त्या दिवशी सव्वादोन पानं झाली, आणि शेवटचं अर्धं पान मी वर न बघता लिहिलं.