चिमणाबाईच्या खालचं नाव

धोंडुबाईनं कमरेची पिशवी सोडली, आतून मोबाईल काढला, पदरानं पुसला आणि काउंटरच्या काचेवर ठेवला. मग त्याचं मधलं बटण खालच्या बाजूला अंगठ्यानं दाबून दाखवलं.

"बघा. हितं दाबलं की जागचं हलत न्हाई. आणि हललं तर दोन-दोन नावं वलांडून जातंय."

काउंटरमागच्या अरिहंतनं फोन उचलला. बटणांवरचे आकडे पार पुसून गेले होते. राजारामपुरीत त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, पण असला फोन हातात घेऊन त्यालाही बरेच दिवस झाले होते. त्यानं तो उलटा केला.

"मावशी, दुसऱ्या दुकानात जाऊन आलाय न्हवं? स्क्रू कुणीतरी अर्धे खोललेत."

"ते म्हणाले, फेकून द्या," बरोबर आलेली सून, संयोगिता म्हणाली. "मी पण तेच सांगायलोय. आत्ती, टचचा घेऊ या. फोटो दिसत्यात, नातवंडं बोलताना दिसत्यात."

"नातवंडं मला घरात दिसत्यात. उलट जास्तच दिसत्यात."

संयोगिता काचेतल्या नव्या फोनांकडं वळली.

धोंडुबाईला वाचता येत नव्हतं. पण तिच्या गडमुडशिंगी गावात तिच्याएवढे फोन कुणी लावत नसेल. वैरण संपली, म्हैस आटली, लेकीची आठवण आली, की ही गोठ्याच्या दारात बसून फोन लावणार, आणि तोही स्वतः. कुणाला "बाबा, जरा नंबर लावून दे" म्हणणं तिला जन्मात जमलं नाही. फोनमध्ये कुणाच्या खाली कोण आहे ते तिनं सुनेकडून एकदा वदवून घेतलं होतं. खालचं बटण दाबत ती नावं म्हणत जायची. आदर्श, कृष्णात, चिमणाबाई, दादासो, सुरेखा. आदर्श जनावरांचा डॉक्टर, कृष्णात तिचा मुलगा, दादासो रिक्षावाला, सुरेखा लेक. एका दाबाला एक नाव, आणि पाहिजे त्या नावावर आलं की हिरवं बटण. संयोगितानं एकेका आकड्यावर एकेक माणूस लावून द्यायची शक्कल सुचवली होती. पण आकडा म्हणजे काय माणूस आहे का, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. खरं सांगायचं तर संयोगितालाही ते पटलं होतं. शेजारणींना ती अभिमानानं सांगायची, "आमच्या आत्तींच्या अंगठ्याला वाचता येतंय."

फक्त त्या फोनमध्ये नवीन नाव घालायची कुणाची टाप नव्हती. क्रम मोडला असता.

आणि बटण बिघडलं. परवा कृष्णातला लावलेला फोन आदर्श डॉक्टरला लागला, आणि हिनं त्याला, "भाकरी गार व्हायल्या, येतोस का घालू म्हशीला?" म्हणून झाडलं. तो बिचारा हसला. पण त्या दिवसापासून धोंडुबाईनं फोनच लावणं सोडलं. सुनेला वाटलं, लाजली. तसं नव्हतं.

"एवढं ध्यानात घे, पावणं," ती अरिहंतला म्हणाली. "मधी एक नाव हाय. त्याच्यावर मला थांबायचं न्हाई. त्याच्यासाठनं आलोय मी."

"कुणाचं नाव?"

"माझ्या भनीचं. चिमणाबाई."

"मग काढूनच टाकायचं की."

"तेच म्हणालेलो मी," संयोगिता वळून म्हणाली. "तर म्हणत्यात, राहू दे, क्रम मोडंल."

धोंडुबाईनं बाहेर रस्त्याकडं तोंड केलं. धाकटी बहीण गगनबावड्याला दिली होती. धोंडुबाईचा नवरा गेला ते दिवस भर पावसाचे होते. सगळं गणगोत आलं, पण पाठची बहीण आली नाही. आली ती दिवसकार्य उरकल्यावर. "आक्के, रस्त्यावर पाणी आलतं गं, एस्ट्या बंद हुत्या," म्हणत उंबऱ्याबाहेर रडत उभी राहिली. धोंडुबाईला तेव्हा कुणाच्या तरी गळ्यात पडायचं होतं, आणि ज्या गळ्यात पडायचं तोच वेळेवर आला नव्हता. त्याचा राग तिला आवरला नाही. "पाणी आलं म्हणं! आता कशाला आलीस?" एवढं बोलून ती आत गेली. चिमणाबाई तशीच परत फिरली. त्यानंतर ना इकडून फोन, ना तिकडून.

अरिहंतनं फोन उघडला होता. बटणांची रबरी पट्टी उचलल्यावर खाली पत्र्याच्या बारीक टिकल्या दिसल्या. खालच्या बाजूच्या टिकलीभोवती पेंडीचा भुगा बसला होता, आणि टिकली चेपून सपाट झाली होती.

"हे बघा मावशी. दाबल्यावर हिनं टक् करून परत वर यायला पाहिजे. हिचा जीव गेलाय. तुम्ही वापरलाय पण कसला!"

"वापरायलाच घेतलाय न्हवं?"

त्यानं मेलेल्या फोनांचा खण धुंडाळला. एका फोनची टिकली मोठी निघाली, दुसऱ्याची गंजलेली. तिसऱ्याची बसली. चिमट्यानं ती उचलताना तो श्वास रोखून धरायचा, आणि धोंडुबाईही काउंटरवर वाकून श्वास रोखून धरायची. एकदा टिकली उडून खाली पडली. दोघांनी एकदमच "आगं आई!" म्हटलं. अरिहंत फरशीवर गुडघे टेकून ती शोधून घेऊन आला. कपाळाला घाम आला, पण त्यानं नाद सोडला नाही.

"हातात कसब हाय बघ तुझ्या," धोंडुबाई म्हणाली. "म्हशीच्या पायातला काटा असाच काढावा लागतोय. दम धरून."

"आणि तुमच्या डोक्यात, मावशी? मला माझ्या बायकोचा नंबर पाठ न्हाई."

फोन परत जोडून त्यानं बटणं दाबून बघितली, काहीतरी टाईप केलं, वरखाली केलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"घ्या. आता लावून बघा कुणाला तरी."

"दादासोला लावतो. हितनंच न्यायला सांगतो."

तिनं अंगठा टेकवला. टक्. नवीन टिकलीचा तो आवाज ऐकून तिचा चेहरा फुलला. ती नेहमीसारखी पुटपुटत निघाली. "आदर्श... कृष्णात... चिमणाबाई..." या नावावर ती कधी रेंगाळायची नाही. "दादासो." तिनं हिरवं बटण दाबलं आणि फोन कानाला लावला.

"हॅलो," पलीकडून बाईचा आवाज आला. फोनचा आवाज दणदणीत होता. दुकानात सगळ्यांना ऐकू येत होतं. "हॅलो? ...आक्के?"

धोंडुबाईचा हात तसाच राहिला.

"आक्के, तू हाईस न्हवं? बोल की गं. सगळी बरी हाईत काय? आक्के?"

धोंडुबाईनं फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडं बघितलं आणि लाल बटणावर अंगठा ठेवला. अंगठा तिथंच राहिला. मग तिनं फोन परत कानाला लावला.

"पाऊस हाय काय तिकडं?"

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला.

"न्हाई गं. कडक ऊन पडलंय. रस्ता सुरू हाय, आक्के."

"बरं," धोंडुबाई म्हणाली. तिनं फोन ठेवला.

अरिहंत तोवर सगळं समजून पांढरा पडला होता.

"मावशी, चूक माझी. गिऱ्हाइकाच्या फोनात दुकानाचा नंबर घालायची सवय हाय मला. बटणं चालत्यात का बघायला 'अरिहंत मोबाईल' टाकलं, ते सगळ्यात वर जाऊन बसलं. बाकीची नावं एकेक घर खाली सरकली. द्या हिकडं, काढून टाकतो."

त्यानं हात पुढं केला. धोंडुबाईनं फोन छातीशी धरला.

"राहू दे. क्रम मोडंल."

संयोगितानं पैसे काढायला पर्स उघडली.

धोंडुबाई पायरीवर जाऊन उभी राहिली. उन्हाकडं पाठ करून तिनं परत पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी सावकाश, नवं पाठ करणाऱ्या पोरासारखी. "अरिहंत... आदर्श... कृष्णात... चिमणाबाई..." इथं अंगठा थोडा थांबला. "...दादासो."

"दादासो, ये रं रिक्षा घेऊन. आणि गावाकडं न्हाई, मला स्टँडवर सोड."

"आत्ती!" संयोगिता धावत बाहेर आली. "संध्याकाळच्या धारा कोण काढणार?"

"तू हाईस की."

फोनमधून दादासो विचारत होता, अशी एकाएकी कुठं निघालीस म्हणून.

"गगनबावड्याला," धोंडुबाई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. "रस्ता सुरू हाय म्हणं."