सासरेबुवा अठरा मीटरवर

चष्मेवाल्याने चिमूटभर पूड हवेत उडवली. पडद्यावरच्या जंगलात ती क्षणभर तरंगली आणि त्याच्याच अंगावर परत आली. वारा समोरून होता, म्हणजे त्याचा वास हरणापर्यंत पोचणार नव्हता. तरीही त्याने अंगाचा वास घालवणारा फवारा दोनदा मारून घेतला. खऱ्या आयुष्यात हा माणूस लग्नालासुद्धा अत्तर लावत नसे.

रविवार होता, सकाळचे साडेदहा. चष्म्यांचं दुकान बंद, बायको बाहेर गेलेली. कानांवर हेडफोन चढवून तो खुर्चीत पुढे झुकून बसला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या घरात, त्याचा साडू असाच बसलेला होता. साडूचा धंदा लिफ्टदुरुस्तीचा, म्हणून सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि दोघांचं जंगल एकच, कॉम्प्युटरवरच्या शिकारीच्या खेळातलं.

लिफ्टवाला थापाड्या होता, पण साधासुधा नव्हे. त्याने मारल्याचं सांगितलेलं प्रत्येक जनावर खरं धरलं असतं, तर त्या खेळात गवताशिवाय काही उरलं नसतं. एकदा म्हणे त्याने एका बाणात दोन रानडुकरं लोळवली, आणि बाण पुढे जाऊन झाडात रुतला तर वरून ससा पडला. ससा झाडावर काय करत होता, असं चष्मेवाल्याने विचारलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला होता, "आमच्याकडची लिफ्ट चालू होती."

त्या बडबडीत हरणाची पावलं ऐकू येत नसत. म्हणून चष्मेवाल्याने नियम घातला होता: धनुष्य हातात घेतलं की तोंड बंद. जो आधी बोलेल, त्याने त्या जनावरावर पाणी सोडायचं.

आणि जनावर कुठलं, तर पांढरा, डेरेदार शिंगांचा नर. ताठ मानेने यायचा, दोघांकडे तुच्छतेने बघायचा आणि निघून जायचा. दोघांनी एकमताने त्याचं नाव सासरेबुवा ठेवलं होतं. सात रविवार झाले, तो हाती लागत नव्हता.

आज सकाळी मेहुणीचा फोन आला होता. सतरा दिवसांपूर्वी लिफ्टवाल्याच्या हृदयात जाळी बसवली होती, आणि ती आज पहिल्यांदाच त्याला एकट्याला सोडून कामावर निघाली होती. गोळ्या दिल्यात, पाणी उशाशी ठेवलंय, दाराला कडी लावू नका म्हणून बजावलंय, असं सगळं तिने सांगितलं. शेवटी म्हणाली,

"भावजी, हे तुमच्याशी बोलत असले ना, की मला घोर नसतो."

"मी आहे ना," चष्मेवाला म्हणाला होता.

नियमाचं त्याने तिला सांगितलं नव्हतं. ते सांगण्यासारखं वाटलंही नव्हतं.

त्याने अंतर मोजायची दुर्बीण डोळ्याला लावली. साडूचं मचाण त्याच्यापासून नव्वद मीटरवर होतं. वर साडूची आकृती बसली होती, मांडीवर धनुष्य, डोक्यावर ती हास्यास्पद हिरवी टोपी. हेडफोनमध्ये त्याचा श्वास येत होता, तोंडाने घेतलेला, जड, जिना चढून आल्यासारखा. चष्मेवाला वैतागला. हा माणूस गप्प बसूनसुद्धा आवाज करतो. पण सांगायचं म्हणजे बोलायचं, आणि बोलायचं म्हणजे सासरेबुवांना मुकायचं. तो जीभ दाताखाली धरून बसला.

थोड्या वेळाने श्वास थांबला.

नेम स्थिर व्हावा म्हणून खेळात श्वास रोखायची एक कळ होती. साडू तिच्यापुढे एक पाऊल गेलेला दिसतोय, स्वतःचाच रोखून बसलाय, असं वाटून चष्मेवाल्याला हसू आलं. ते त्याने नाकातच दाबलं.

पाच मिनिटं गेली. मग दहा.

झुडूप हललं आणि सासरेबुवा बाहेर आले. चष्मेवाल्याच्या बाणाच्या टप्प्यात नव्हते, पण मचाणाकडे सरळ चालत निघाले होते, घरच्या अंगणात फिरावं तसे. मचाणापासून अठरा मीटरवर एक तुटका खुंट होता. ते अंतर साडूने स्वतः तीनदा मोजून ठेवलं होतं. खुंटाशी येऊन ते थांबले. आडवे उभे राहिले, अख्खी कूस मचाणाकडे करून. मान खाली घालून चरायला लागले.

गेलं जनावर, चष्मेवाल्याने मनाशी म्हटलं, आणि कपाळाला हात लावला. आता पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात हेच ऐकायचं.

बाण सुटला नाही.

त्याने दुर्बीण पुन्हा वर नेली. धनुष्य मांडीवरच होतं. साडूचे खांदे संथ वर-खाली होत होते. ते तसे व्हायचेच. खेळातल्या प्रत्येक माणसाचे होत, खेळणारा चहा करायला उठून गेला तरी.

सासरेबुवांनी एक पाऊल पुढे टाकलं. आता सतरा मीटर. आंधळ्यानेही मारला असता.

मार की मेल्या, चष्मेवाला ओठांतल्या ओठांत म्हणाला, आणि ओठ तसेच उघडे राहिले. हा माणूस हे हरीण सोडणार नाही, हे त्याला आपल्या दुकानातल्या काचेच्या नंबरांइतकं पक्कं ठाऊक होतं.

"साडूभाऊ," तो म्हणाला.

हेडफोनमध्ये फक्त जंगल होतं. पानं, लांबवर एक पाखरू.

"मी बोललो बघा आधी. हरीण तुमचं. घ्या."

हिरवी टोपी हलली नाही.

त्याने मोबाइल चाचपडत उचलला. साडूचा नंबर लावला. मग रिंग वाजायला लागली, आणि क्षणभराने ती हेडफोनमधूनही ऐकू यायला लागली, लख्ख, जवळून, दुसऱ्या घरातल्या टेबलावर थरथरत.

सासरेबुवांनी मान वर केली नाही. ते चरत राहिले. ती रिंग त्यांच्या जंगलातली नव्हती.