पडदा आणि पेटी

नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातली, पाणी उपसणारी चाळीस पंपघरं आमच्या कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसतात. तीस वर्षं मी त्यातल्याच एका पंपघरात घालवली. आता गुडघे गेले, म्हणून इथे बसवलंय.

दुपारी दोनला माझ्या जुन्या पंपघराशेजारच्या विबे नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. "अरे येले, तुझा पंप सकाळपासून बोंबलतोय. गाई बिथरल्यात."

"बंद आहे तो. समोर पडद्यावर दिसतंय मला."

"मग ही काय माझी सासू ओरडतेय?" त्याने फोन पंपघराच्या दाराला लावला. पंप धडधडत होता.

आमची साहेबीण रेन्स्के धावत आली. "चालू कुणी केला?"

हे मी विसाव्यांदा सांगत होतो. "पंपघरातल्या कंट्रोलच्या पेटीने. कालव्याचं पाणी चढलं की ती स्वतःच पंप लावते, आपल्याला विचारत नाही. आपला पडदा नुसता लांबून बघतो, तेही तिथून इथे येणारी डेटाची लाइन शाबूत असेल तर. ही बघ, पडद्यावरची शेवटची नोंद आठची; लाइन तेव्हाच तुटलीय. हे सकाळचंच चित्र आहे."

"बरं, रिपोर्ट लिही," ती म्हणाली.

मी लिहिलं: पंपघर सुरळीत चालू. कंट्रोल रूम सहा तास बंद, कुणाच्या लक्षात आलं नाही.