पोकळ पाठीची सीट

मित्रांनो, मी बाळाला गाडीत बसवायची एक जुनी सीट आहे. अमेरिकेत नेपरव्हिलमधल्या एका घरासमोर, कचऱ्याच्या डब्याशेजारी मला ठेवलं आहे. दिसायला मी अजून नवीकोरी आहे. पण माझ्या दिसण्यावर जाऊ नका.

कारखान्यातून निघाले तेव्हा एखादं बाळ सांभाळावं, एवढंच माझं स्वप्न होतं. मला विकत घेतलं ते मात्र एका मोटार कंपनीच्या मार्केटिंग विभागाने. नव्या गाडीचे फोटो काढायचे होते आणि मला मागे बसवलं की गाडी अगदीच अडचणीची दिसे. तेव्हा तिथल्या ऋताने सुचवलं, "हिची पाठ थोडी ट्रिम करू या ना! फोटोत कुणाला कळतंय?"

माझ्या पाठीचं प्लॅस्टिक कापलं, आतला थर्माकोल काढला आणि वरून कापड ताणून बसवलं. फोटोत गाडी कशी ऐसपैस दिसू लागली! सगळ्यांनी वाहवा केली आणि खरं सांगते, मीही हुरळून गेले. मग ऋताच्या नावाची चिठ्ठी लावून मला स्टोअररूममध्ये टाकलं. तिथे माझ्यावर धूळ बसली.

यंदा ती खोली रिकामी करायची ठरली. ज्याला जे हवं ते त्याने न्यावं. ऋता रजेवर होती. ऑफिसातला सत्यजित बाप होणार होता. चिठ्ठी वाचून त्याला वाटलं, ही ऋताताईच्या मुलाची, ईशानची सीट. बाळंतपणासाठी नागपूरहून आलेल्या त्याच्या आईला तर आनंदच झाला. नव्या बाळाला आधी दुसऱ्या धडधाकट बाळाचं वापरलेलं द्यावं, ही आपल्याकडची रीतच आहे.

अशी चिमुकली सावनी माझ्या कुशीत आली. जन्मभर मी याच ओझ्याची वाट पाहिली होती. पण मला सुख लाभलं नाही. ब्रेक लागला की जीव अर्धा होई. ही पोर माझ्या भरवशावर झोपली आहे आणि माझ्या पाठीत काहीच नाही, हे मला कुणाला सांगता येत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटे.

बारशाला ऋता आली. गाडीत मला पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"सत्यजित, ही खूप जुनी झालीय रे. मी आजच नवी ऑर्डर करते."

"अगं, जुनीच हवी आम्हाला," त्याची आई हसून म्हणाली. "तुझ्या ईशानची आहे, म्हणून तर घेतली."

आता अर्धं खरं सांगून भागणार नव्हतं. ऋताने माझं कापड ओढून काढलं.

"काकू, ईशान यात कधीच बसला नाही. ही फक्त फोटोसाठी होती. कापायला मीच सांगितलं होतं."

आजीने सावनीला छातीशी घट्ट धरलं. सत्यजितने माझ्या पोकळ पाठीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "ताई, तो फोटो बघूनच तर मी ही कार घेतली. बेबी येणार, मागे स्पेस हवी म्हणून."

ऋताने कात्री मागितली आणि दुसऱ्या कुणी मला उचलून नेऊ नये म्हणून माझे पट्टे कापून टाकले. कापताना ती रडत होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं इतर वस्तू तुम्हाला सांगतील. मी मात्र हात जोडून सांगते, माझ्यावर दया करू नका, मला जाऊ द्या. शोरूममध्ये माझा तो फोटो अजून लावलेला आहे. एखादी आई बाळाला कडेवर घेऊन त्याच्यासमोर थांबली, तर तिला माझं नाव सांगू नका. फक्त म्हणा, आधी गाडीचं दार उघडून आत बसून बघा.