इंजिन बसलं, पट्टी राहिली

शनिवारी चारच्या आत ट्रक सुरू झाला नाही, तर भंगारवाल्या ओरिननं तो खुशाल उचलून न्यावा, असं आर्व्हिड चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता सगळ्यांसमोर बोलून बसला. मिनेसोटातल्या त्या एवढ्याशा गावात कॉफीवर दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माणसानं जरा तोंड आवरावं की नाही? पण बायको, मार्लिस, दोन वर्षं शेड रिकामी मागत होती, आणि तिनं चारचौघांतच विचारलं, "कधी?"

ट्रक त्याचा आणि थोरल्या भावाचा, लेलँडचा. दोन वर्षांपूर्वी इंजिन आणि गिअरबॉक्स दोघांनी मिळून उतरवले. कुठला बोल्ट कुठला, हे लक्षात ठेवायचं काम लेलँडचं. लिहून ठेवायचं म्हटलं की त्याला कमीपणा वाटायचा. "डोक्यात आहे रे सगळं," म्हणायचा. त्याच हिवाळ्यात लेलँड गेला आणि डोक्यातलं सोबत घेऊन गेला. मागे उरले बोल्टांनी भरलेले कॉफीचे तीन डबे आणि आर्व्हिड. डब्यांकडे बघितलं की त्याला रडू यायचं, म्हणून दोन वर्षं त्यानं ते उघडलेच नाहीत.

या आठवड्यात मात्र जिवाचं रान केलं बिचाऱ्यानं. बुधवारी इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून, बोल्ट आवळून, ऐटीत मागे सरकला, तर दोघांच्या मध्ये बसायची पातळ पत्र्याची प्लेट भिंतीला टेकून उभी! पुन्हा सगळं सोडवलं. गुरुवारी वरचा एक बोल्ट राहिला, आणि तिथे हात जाईल तर शपथ.

शनिवारी पावणेचारला त्यानं किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

"बॅटरी?" मार्लिसनं दारातून विचारलं.

"नवी आहे."

"मग डोकं जुनं असेल."

आर्व्हिड हसला नाही. भावाची शेवटची वस्तू आपल्याच जिभेपायी चालली होती.

तेवढ्यात ओरिन आलाच. त्याच्या लांब गाडीवर एक मोडका ट्रक आधीच लादलेला. उघडं बॉनेट दिसलं आणि त्यात डोकं घातलं नाही, असा बाप्या त्या गावात जन्माला यायचाय. ओरिन वाकला. "फिरव बघू."

टक्.

"आई गं! ही अ‍ॅक्सिलरेटरची केबल चटका देतेय! इंजिनपासून चासीच्या सांगाड्याला जाणारी पट्टी कुठाय रे?"

"कुठली पट्टी?"

"विणलेली, तांब्याची. इंजिन रबरावर बसतं, बाबा. करंटला बॅटरीकडे परत जायला वाट नको? वाट नाही, म्हणून तो या बारीक केबलमधून घुसतोय."

तिन्ही डबे जमिनीवर पालथे केले. पट्टी नाही. चारला पाच मिनिटं कमी.

ओरिन आपल्या गाडीवर चढला आणि त्या मोडक्या ट्रकची पट्टी सोडवू लागला.

"ओरिन, तू ट्रक न्यायला आलायस ना?" मार्लिस म्हणाली.

"मेलेली गाडी नेतो मी. ही जिवंत आहे. हिला नेलं तर लेलँड स्वप्नात येऊन शिव्या घालेल."

पट्टी बसली. किल्ली फिरली. इंजिन खोकलं, थुंकलं, आणि धडधडत सुरू झालं. आर्व्हिड स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. आनंद किती आणि दुःख किती, त्याचं त्यालाही कळेना.

पलीकडचं दार उघडलं. लेलँड गेल्यापासून त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. मार्लिस चढली, दार आपटलं, आणि तेलकट फडकं त्याच्या हातात कोंबलं.

"डोळे पूस आणि चल, चक्कर मारून आण मला. शेडचं बघू नंतर," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी हे उघडशील, तेव्हा मला बोलाव. मी लिहून ठेवीन."